उशीर माझ्याकडून झाला

दादा, मी आपला थोरला मुलगा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, व्यवसाय पगड्या बांधणे, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, घडले ते खरे लिहीत आहे. आपल्याला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. आपले दुकान आता नाही. लग्नघरी भाड्याच्या तयार पगड्या येतात. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना मात्र हाताने बांधलेली दरबारी पगडी हवी असे. त्यांच्यासाठी सूनबाईंनी एका कंपनीच्या ऑनलाइन बाजारात मला दुकान उघडून दिले होते. हे काम चालू राहण्याचा तेवढा एकच मार्ग उरला होता.

गेल्या मोसमात एका नवरदेवाची पगडी मी वेळेत टपालात दिली आणि दोनच दिवसांनी परदेशी टपाल बंद पडले. सूनबाई अन्नपूर्णा भागातल्या शाळेत शिकवायला निघताना मला बजावून गेल्या, “बाबा, त्यांचा मेसेज आला तरी काही लिहू नका. टाइमवर दिल्याची पक्की रसीद आहे. डाक बंद असली तर कंपनी सेलरला पकडत नाही, तसा रूलच आहे.” दुपारी वराच्या वडिलांचा निरोप आला, मराठीत. लग्न उद्यावर आले आहे, पगडी कुठे आहे?

आणि ते वाचताच मी पुन्हा अकरा वर्षांचा झालो. चंदेरीचे कापड उशिरा आलेले आहे, एका सरदार घराण्याचे कारभारी दारात उभे आहेत, आणि मी शहाणपणाने सांगतो की कापडच आले नाही. आपण हातातला पगडीच्या कापडाचा पीळ न सोडता विचारता, “पगडी कबूल कोणी केली होती? कापडवाल्याने, की आपण?” मग त्यांच्यासमोर माझ्याकडून तीनदा वदवून घेता: उशीर माझ्याकडून झाला, क्षमा असावी. ते गेल्यावर उरलेली जरीची पट्टी आपण माझ्या मनगटाला बांधली होती. ती मी अजून ठेवली आहे.

वराच्या वडिलांना मी तेच शब्द लिहिले. कंपनीने ते वाचले. विक्रेत्याने दोष लेखी मान्य केला आहे, सबब टपालबंदीचे संरक्षण लागू नाही, असे कळवून दुकान कायमचे बंद केले. सूनबाईंनी रसीद जोडून दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तरात माझेच वाक्य परत आले. त्यानंतर पगडीही परत आली. खोक्याला साधा पोचाही नव्हता.

सूनबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “असं लिहायला कोणी सांगितलं होतं, बाबा?” मी म्हणालो, “माझ्या वडिलांनी.”

दादा, हे पत्र कोठे टाकायचे नाही, म्हणून कबूल करतो. सदुसष्ट वर्षांत माझी चूक मी दुसऱ्यावर ढकलली ती फक्त त्या दिवशी, आणि ती आपल्यावर.

लिहिताना हजर: सूनबाई, पलीकडच्या खोलीत वह्या तपासत; आणि आपला पगडी बांधायचा लाकडी साचा, त्या नवरदेवाची पगडी घालून.