उरलेला लाल रंग

३ मे, रविवार
पाळकसाहेबांचा उपदेश: शेजाऱ्यावर प्रीती. अख्खी मंडळी माझ्याकडे वळून बघत होती, कारण भिंतीला भिंत लागून खाटीक राहतो तो माझ्याच. नदीपलीकडचा. ती माणसं तापट, अस्वच्छ, आणि याच्या तर हातात कायम सुरी. तरी ठरवलं, उद्यापासून प्रीती करायची. मनात कुणाबद्दल किल्मिष ठेवायचं नाही.
आमचं मागचं दार त्यांच्या अंगणात उघडतं, त्याला दुसरी कडी बसवून घेतली. प्रीती वेगळी, कडी वेगळी.

५ मे
प्रीतीचा श्रीगणेशा नव्हे, शुभारंभ. खाटकिणीला कान तुटलेल्या कपातून साखर दिली. मुंग्या होत्या, निवडून घेईल. संध्याकाळी कप लखलखीत घासून परत, वर वाटीभर कलेजी. उपकाराखाली दाबायला बघतात. कलेजी मऊ होती. ह्यांनी दोनदा मागून घेतली.
ही बाई रोज दिवेलागणीला दार, उंबरा, पायऱ्या धुते. एवढं धुण्यासारखं काय असतं? रक्तच असणार.
माझ्या मनातला सगळा आकस गेला.

९ मे
पुलापाशी मारामारी. नदीपलीकडच्या शिंप्याचं डोकं फोडलं, दुकान मशीनसकट जाळलं. फार वाईट वाटलं. माझा परकर त्यातच होता.
दुपारी दीर आले. हातात सळई, बाहीवर रक्त. "वहिनी, उद्या तुमच्या गल्लीचा नंबर. पोरं बाहेरची आहेत, पण लाल खूण बघूनच काय ते करतील. निर्धास्त राहा."
म्हटलं, "भावोजी, हिंसा नको हं."
"छे हो. चहा टाका."
ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बायबलात मिसर देशात मृत्यूदूत फिरला त्या रात्री ज्यांच्या चौकटीला रक्त होतं तीच घरं वाचली! दिरांना एवढं शास्त्र येत असेल असं वाटलं नव्हतं. पण आमच्या दारावर खूण करायला विसरले, वेंधळे. फाटकाचा उरलेला लाल रंग माळ्यावर होता. चौकट रंगवली.
शेजाऱ्यांच्याही दाराला लावावा असं मनात आलं. पण डबा अर्धाच. शिवाय एका हातात रंग उठत नाही. दुसरा हातही आपल्याच दाराला दिला. त्यांच्यासाठी प्रार्थना केली, चांगली लांब.

१० मे, दुपार
आले. रविवार असूनही हे कामावर. काचा फुटतायत. कुणीतरी गुरासारखं ओरडतंय.
खाटकीण मागचं दार बडवतेय. "ताई, उघडा! आमच्या म्हातारीला तरी आत घ्या!"
उघडणारच आहे. पण दोन कड्या, आणि वर ट्रंक लावून ठेवलेली. आधी एवढं स्तोत्र संपवते.
दगड आमच्या दारावर. चुकून.
पुन्हा आमच्याच. मी खिडकीतून ओरडले, "अहो, खूण बघा, खूण!"
बाहेरून म्हणतात, "बघितली की!"

१० मे, संध्याकाळ
खाटकाच्या घरात बसून लिहितेय. मागाहून वही तेवढी आणली, पेन त्यांचं; अक्षराला नावं ठेवू नये.
दार फुटलं. सळयांनी कपाट, आरसा, ह्यांची खुर्ची, सगळ्याचा चुराडा. एकाने माझे केस धरून फरफटत नेलं. तेवढ्यात खाटीक सत्तुराने मागचं दार फोडून, ट्रंक लोटून आत. म्हटलं, आता हा मला चिरणार. हाताला लोखंडी तवा लागला, तो त्याच्या कपाळात घातला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्याने केस धरणाऱ्याला भिंतीवर आपटला, मला पोत्यासारखं उचललं, त्यांच्या घरात टाकलं आणि मटण तोडायचा ओंडका दाराला लावला.
बाहेर दिरांचा आवाज. "अरे थांबा, हे माझ्या वहिनीचं घर!" कुणी ऐकलं नाही. मग दिरांचाच आवाज, वेगळा. पोलीस आले तेव्हा त्यांचा हात कोपरातून उलटा लोंबत होता.
खाटकीण नवऱ्याचं कपाळ धूत म्हणाली, "आमच्या दारावरही काल कुणीतरी लाल खडूने रेघोट्या मारल्या होत्या. मी रोजच्यासारखं धुऊन टाकलं."
मी म्हटलं, तवा हलकाच लागला असेल. तिने लाल झालेलं पाणी ओतून नवं घेतलं.

११ मे
ह्यांनी दार बसवेपर्यंत इथेच राहायचं. हरकत नाही, शेजाऱ्यांना सेवेची संधी द्यावी.
संध्याकाळी सगळे गुडघ्यांवर. आपल्याच प्रभूची प्रार्थना! विचारलं, "सांगितलं नाहीत कधी?" खाटीक पट्टीखालून म्हणाला, "ताई, तुम्ही विचारलं नाहीत."
प्रार्थना त्याच्या आईने केली. म्हातारीला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज खणखणीत. "प्रभू, माझ्या लेकाचं डोकं बरं कर. त्या दिराचा हात जुळू दे. आणि रोज मागते तेच आज पुन्हा मागते. ती शेजारची बाई आहे ना, तिच्यावर प्रीती करायचं बळ दे. लई जड जातंय."
सून कुजबुजली, "आई, त्या इथेच बसल्यात."
"काय?"
"इथेच बसल्यात!"
"मग अजून जास्त दे," म्हातारी म्हणाली.
सगळे आमेन म्हणाले. माझ्यासाठी थांबले होते, म्हणून मीही म्हटलं.