केयूरवाडीचं आभाळ

॥ श्री ॥
घणसोली, नवी मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सुनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं. पत्र काही तुला मध्येच ठेवता येणार नाही, म्हणून लिहितोय. इकडे सर्व खुशाल, तुझ्या वहिनीचा गुडघा सोडून.

बातमी अशी, की केयूर जर्मनीला गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या त्याच्या खोलीत आता रेल्वे धावते! आठ फुटी प्लायवूड, त्यावर रूळ, एक बोगदा, एक पूल आणि बोटाच्या पेराएवढे प्रवासी. स्टेशनचं नाव ‘केयूरवाडी’. ते मंजुषानं ठेवलं. म्हणाली की पोरगा खोलीत नाही तर निदान पाटीवर तरी असू दे. २१ डिसेंबरला, रविवारी, सोसायटीतल्या पोरांसमोर उद्घाटन आहे. नारळसुद्धा आणून ठेवलाय.

अडचण एकच. गाडी ऐटीत बोगद्यातून बाहेर पडते आणि तिच्यामागे दिसतं काय, तर वॉशिंग मशीन आणि दोरीवरचे माझे लेंगे. रुळांमागे डोंगर-आभाळाचा पडदा हवा. तो आपल्या घरात कोण रंगवू शकतं हे मी सांगायला नको. तीस वर्षं पोरींना चित्रकला शिकवलीस, गॅदरिंगचे पडदे रंगवलेस. तुझ्या शाळेच्या हॉलमधली ती आभाळं मी गेल्या वर्षीच्या दिवाळीत पाहिली, अजून डोळ्यांसमोर आहेत. आणि ऑगस्टात मोतीबिंदू काढल्यापासून तू ब्रशला शिवलेली नाहीस. का, ते सांगत नाहीस. उगाच आडवळण कशाला? मला पडदा हवाय, पण त्याहून जास्त तू पुन्हा रंगवायला हवी आहेस.

लोभ आहेच, तो घेऊन ये. सोबत ब्रशही आण.

तुझा दादा,
मधुकर


सातारा
२३ नोव्हेंबर

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

अडुसष्टाव्या वर्षी आगगाडी! आईनं तुला चौथीतच एक चावीचं इंजिन घेऊन द्यायला हवं होतं, म्हणजे हे दुखणं आत्ता उफाळून आलं नसतं. वहिनींच्या गुडघ्याला एरंडेल लावून शेकायला सांग.

विचारतोसच तर सांगते. ऑपरेशननंतर पट्टी सुटली आणि जग घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख झालं. हौसेनं शाळेत गेले, हॉलमध्ये शिरले आणि एकेक पडदा बघत गेले. दादा, माझं प्रत्येक आभाळ म्हणजे कुणीतरी निळीची पुडी पालथी केल्यासारखं! डोळ्यांत पिवळट साका होता, निळा मला फिकाच दिसायचा, म्हणून मी थरावर थर चढवत गेले. आणि कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं, बाई वयस्कर, कशाला दुखवा! तू तर ‘अगदी खरं आभाळ’ म्हणालास. तुझंच जास्त लागलं मला. रंगांची पेटी माळ्यावर टाकली आहे आणि ती तिथेच राहणार. पडदा विकत आण.

आणताना एवढं मात्र बघ. क्षितिज खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यायला हवं. भिंतीच्या कोपऱ्यात पडद्याला घडी नको, पातळ हार्डबोर्ड गोलाईत वाकव, नाहीतर डोंगर काटकोनात मोडेल. लांबचे डोंगर फिके, जवळचे गडद. दिवा वरून सोड, समोरून लावलास तर इंजिनाची सावली ढगांवर पडेल. रुळाच्या अगदी मागे रस्ता रंगवलेला नको, तो भिंतीत घुसल्यासारखा दिसतो. आणि ढग... जाऊ दे. मी रंगवत नाही म्हटलंय ना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनीती


घणसोली
३ डिसेंबर

चि. सुनीस अनेक आशीर्वाद.

मी तुला दुखवायला नको म्हणून बोललो, असं तुला वाटतंच कसं? लहानपणी तुझ्या पहिल्या भाकरीला मी आफ्रिकेचा नकाशा म्हणालो होतो. मी आणि गोड बोलणार? असो. पडदे आणले, त्यांची कथा ऐक.

पहिला केयूरनं जर्मनीहून धाडला. छापील, देखणा, पण डोंगरांवर बर्फ! खाली केयूरवाडी, फलाटावर धोतरातले प्रवासी, उसाची मालगाडी आणि मागे हिमशिखरं. मंजुषा म्हणाली की या माणसांना आधी स्वेटर विणायला हवेत. तो गुंडाळून ठेवला.

मग गावठाणात देवजी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. पारसिकच्या डोंगराचा फोटो दिला, आठ बाय दोन फूट सांगितलं. त्यानं माझा एक फोटो मागितला. मला वाटलं, नोंदीसाठी असेल, दिला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उलगडला, तर डोंगर झकास, आभाळ झकास, आणि आभाळाच्या बरोबर मध्ये हात जोडलेला मी! गळ्यात हार. खाली लाल अक्षरांत ‘शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ’. मी जाब विचारला, तर देवजी शांतपणे म्हणाला की काका, मानूस नाय तं बॅनर कोनाचा हाय ते कलनार कसं? वर म्हणाला की हार आपल्याकडून फ्री.

गंमत म्हणून लावून पाहिला. गाडी माझ्या जोडलेल्या हातांखालून निघते आणि कोपरापाशी गडप होते. शेजारची ईश्वरी हसता हसता खाली बसली. तिनं फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आता लिफ्टमध्ये सगळे मला हात जोडतात. दोघंजण तर विचारून गेले की काका कुठल्या वॉर्डातून उभे राहताय!

शेवटी फ्लेक्स काढला, तू सांगितलंस तसा हार्डबोर्ड वाकवून बसवला आणि त्याला पांढरा हात दिला. आता मीच रंगवणार. तू तर येणार नाहीस.

रागाव, पण लोभात काटछाट नको.

तुझा उमेदवार भाऊ,
मधुकर


घणसोली
८ डिसेंबर

प्रिय वन्सं, सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. गुडघा बरा आहे, एरंडेलाचा वास मात्र पार लिफ्टपर्यंत जातो.

ह्यांनी माझ्या सात वाट्या घेतल्या आहेत. सातही वाट्यांत निळा रंग. रोज सकाळी खिडकीतून आभाळ बघतात, एक वाटी कालवतात, हार्डबोर्डला फासतात आणि फिका झाला म्हणून आणखी निळा ओततात. आम्ही जीव तोडून सांगतो की अहो, पुरे! वॉचमनपासून ईश्वरीपर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवलं. आम्हाला ते नुसतं नीळ कालवलेल्या बादलीसारखं दिसतं, अगदी डोळ्यांवर येतं. आणि हे म्हणतात की तुम्हाला कळत नाही, हे अजून पांढरंच आहे, सुनीला बरोबर कळलं असतं. काल चिडून ब्रश फेकला, तो माझ्या आमटीत पडला. आमटीही निळी.

उद्घाटन जवळ आलं. पोरांना आमंत्रणं गेली आहेत. तुमच्या हट्टापुढे बोलायचा मला अधिकार नाही, पण माझ्या वाट्यांसाठी तरी काही करा.

आठवण ठेवता, तशीच ठेवत राहा.

तुमची,
मंजुषा


सातारा
१२ डिसेंबर

प्रिय वहिनी, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि खुर्चीवर चढून माळ्यावरून पेटी काढली. पडले नाही, काळजी नको.

वहिनी, अहो तो मोतीबिंदू आहे! दादाला निळा दिसत नाही, जसा मला दिसत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, सध्या त्याला काही सांगू नका, पळून जाईल. सुईला भितो तो, बोरिवलीच्या आत्याकडे टोचून घ्यायच्या दिवशी पिंपात लपला होता.

आणि दुसरं असं, की तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. त्याच्या डोळ्यांना माझी आभाळं खरंच खरी दिसली होती. चार महिने मी उगाच त्याच्यावर रुसून बसले, आता हसू की रडू कळत नाही. दोन्ही करते आहे.

बुधवारी सकाळच्या बसनं येते, वाशीला उतरेन. वाट्या घासून ठेवा, लागतील. त्याच्या आभाळाला मात्र मी येईपर्यंत कुणी हात लावू नका.

भेटीत सगळं.

तुमची,
सुनीती


घणसोली
११ जानेवारी २०२६

चि. सुनीस अनेक आशीर्वाद आणि आगाऊ तिळगूळ.

आज काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली. ऑपरेशनला मी अजिबात घाबरलो नाही. मंजुषा वेगळं सांगेल, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

सगळ्यात आधी केयूरवाडीला गेलो. उद्घाटनाला पोरं तू रंगवलेला पडदा बघून टाळ्या पिटत होती, तेव्हा मीही मान डोलावली होती. पण मला तेव्हा काय दिसत होतं गं? आज दिसलं. पारसिकच्या मागचं ते सकाळचं, धुकट, उगाच निळं न होणारं आभाळ! मी तिथेच खाली बसलो आणि गाडी सोडली. गाडी कितीतरी फेऱ्या मारत राहिली.

मग स्टेशनच्या पाठीमागे बघितलं आणि असा ओरडलो, की मंजुषाला वाटलं डबे घसरले. तिथे वीतभर तुकडा तू माझा तसाच ठेवलायस. भयंकर! निळीचं दुकान! आणि मी तुम्हा सगळ्यांना सांगत होतो की हे पांढरं आहे! मंजुषा म्हणते, तेवढं पुसून घेऊ या, केयूरला व्हिडिओवर दाखवायचंय. मी बजावलंय, तेवढ्या तुकड्याला हात लावायचा नाही.

देवजीचा फ्लेक्स गच्चीवर आहे, त्यावर संक्रांतीचे तीळ वाळतात. आभाळातून मी हात जोडून बघत असतो, त्यामुळे एक कावळा फिरकत नाही.

शाळेतली आभाळं तू पुन्हा रंगवायला घेतलीस, असं तुझ्या वहिनीकडून कळलं. इतका आनंद झाला की दोनदा विचारून घेतलं. पण सुने, त्यातलं एक माझ्यासाठी तसंच ठेव. पुढच्या महिन्यात बघायला येतोय. ‘अगदी खरं आभाळ’ म्हणालो होतो ना, ते आता नव्या डोळ्यांनी बघून पुन्हा म्हणायचंय.

लोभ फिका पडू देऊ नकोस. वाटला तर आणखी एक थर चढव.

तुझा दादा,
मधुकर