धाप ओसरेपर्यंत

चि. धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं विसरलास, हेही तू विसरला असशील, म्हणून आधी ओळख करून देते: तुला कडेवर घेऊन जिची कंबर गेली ती मी. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच आहेत, पण सध्या त्यांना कोणी विचारत नाही. घरात सगळ्यांचं लक्ष माझ्या धापेकडे. (सांगतेय मी, लिहितेय सूनबाई. ती लिहिता लिहिता थांबली की समजायचं, वाक्य तिच्या नवऱ्याबद्दल आहे.)

तर तुझ्या भाच्याच्या मनात आलं, आईला जिना चढताना धाप लागते, तेव्हा तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणावं, त्याच्या रंगाच्या दुकानामागच्या खोलीत. त्या खोलीत रंगाचे डबे राहतात, आणि त्यांनाही तिथे करमत नसावं, झाकणं फुगलेली असतात. मी साफ नाही म्हटलं. शेवटी ठरलं, डॉक्टरीणबाई सांगतील ते दोघांनी ऐकायचं.

बाईंनी माझ्या बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि दवाखान्याचा जिना चढून यायला सांगितलं. मुलगा सोबतीला. मी मनात म्हटलं, धाप दिसलीच नाही तर माझी वरची खोली कशी काढून घेतील? म्हणून पहिल्याच पायरीवर श्वास कोंडला आणि तोंड मिटून चढायला लागले. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काजवे, आणि वर पोचले ती भिंत धरून खालीच बसले.

बाईंनी आधी पाणी दिलं, मग फैलावर घेतलं. म्हणाल्या, पाय कामाला लागले की त्यांना जास्त हवा लागते, आणि चुलीतून धूर निघावा तशी त्या कामातून खराब हवाही निघते. ती बाहेर टाकायला छाती भराभर चालते. मी विचारलं, मग थांबल्यावर कशाला चालते? तर पाहुणे उठून गेले तरी भांडी घासायची राहतातच, तसं. (हा दाखला माझा. त्यांनी बरंच अवघड करून सांगितलं होतं.)

“आजी, धाप लागली म्हणून मी तुम्हाला नापास करणार नाही. ती किती वेळात ओसरते, ते मला बघायचंय.”

मग बराच विसावा घेऊन पुन्हा चढले, या वेळी भात्यासारख्या धापा टाकत. वर बाकावर बसून बाईंच्या सासूची चौकशी करेपर्यंत माझा श्वास जागेवर आला. शेजारी मात्र कोणीतरी अजून फुसफुसत होतं. बाईंनी माझ्या बोटाचा चिमटा काढला आणि शेजारच्या बोटाला लावला. (लिही गं, थांबू नकोस.) निकाल असा, की आजींनी आपल्या खोलीतच राहावं, सावकाश चढावं, मध्ये टेकावं, आणि दुकानदारांनी रोज जिना चढून आईकडे जावं.

पूर्वी तो खालूनच फोन करायचा, आणि मी बरी आहे म्हणेपर्यंत त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं. आता वर येतो, खुर्चीत कोसळतो, आणि त्याला बोलता येत नाही म्हणून मी बोलते. फार छान चाललं आहे.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

ता. क. खोली राहिली, आता माझं कोणाकडे काही मागणं नाही.

आणखी ता. क. आहे. त्याचा दम दिवसेंदिवस सुधारतोय. बाई खूश, सूनबाई खूश. काल तर तो उभ्याउभ्याच आला आणि गेला. तेव्हा भुईमुगाच्या शेंगा पाठव, भाजलेल्या, चांगली मोठी पिशवी भरून. सोलून पाठवू नकोस.