तुलनेसाठी ताई

५ जून
आज थोडक्यात वाचले! दुकानात एका आजोबांना रक्तदाबाची गोळी दुप्पट ताकदीची दिली. त्यांनीच चष्मा वर करून म्हटलं, "माझी पांढरी असते हो, ही गुलाबी कशी?" झटकन बदलून दिली. बावीस वर्षं औषधं देतेय मी. तापातून उठून चार महिने झाले, तरी डोकं ठिकाणावर नाही.

६ जून
ताईला फोनवर सांगितलं. "वय झालं तुझं!" म्हणाली. स्वतः तीन वर्षांनी मोठी.

११ जून
मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. या तापाच्या विषाणूनं मेंदूत काय बदल होतात, ते त्या स्कॅन काढून तपासताहेत. मलाही त्या अभ्यासात घेतलं. आधी दहा शब्द वाचून दाखवले, थोड्या वेळानं म्हणायला लावले. चारच आठवले. चारच!
तुलनेसाठी ताप न आलेलं माणूसही लागतं, सख्खं भावंड असलं तर उत्तम. ताई लगेच तयार. "बघू देत की. आई तर म्हणायची, आत काही नाहीच!"

१९ जून
स्कॅन. चाळीस मिनिटं त्या नळकांड्यात, कानाशी ठकठक, घर्रर्र — आणि हलायचं नाही. औषधांची नावं मनात म्हणत पडले. एका नावाशी अडकले ती अडकलेच.
मग ताई आत गेली. जांभया देत बाहेर आली. "छान डुलकी लागली गं!" मला नावं आठवेनात आणि ही झोपते!

२३ जून
काही कळवलं नाही अजून.

२५ जून
दुकानात नुसती खोकी लावते. गोळ्यांना हात लावायचा धीर होत नाही. मेंदूच बिघडला असेल तर? दुसरं येतंय काय मला?

२७ जून
डॉक्टरांचा फोन. माझ्या स्कॅनमध्ये काळजीचं काही नाही — हळूहळू सुधारेल म्हणाल्या. रडूच फुटलं. "फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताई फोन उचलत नाहीयेत. त्यांना आजच घेऊन या. आत्ताच."
ताईच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय. उद्या सकाळी ऑपरेशन. ताईनं सगळं ऐकून घेतलं, सही केली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "उद्या ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत येशील ना गं?"