ट्रॉलीचं कुत्रं

बारामती,
रविवार, दुपार

प्रिय अंजू,

आज सकाळी दवाखान्यात तासभर तुझ्याशेजारी बसूनही मी कामाचं एक अक्षर बोलले नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल. पण तुझ्या समाधानच्या उशाशी पाणी संस्थेतला तो संदेश नावाचा पोरगा खुर्ची टाकून मोसंबी सोलत बसला होता, आणि अपघात झाल्यापासून तो तिथून हललेला नाही. विचारपूस करायला आलेला माणूस विचारपूस करून घरी जातो. जो जात नाही, तो ऐकायला बसवलेला असतो. त्याच्यासमोर बोलणं म्हणजे संस्थेच्या चेअरमनच्या, माझ्या भावाच्या कानात बोलणं. म्हणून हे पत्र लिहिते आहे आणि संध्याकाळच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवते आहे. सावकाश वाच. जिथे कळणार नाही तिथे मागे जाऊन पुन्हा वाच. इतकी वर्षं पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवून मी एवढं नक्की शिकले आहे की न कळण्याचा दोष बहुतेक वेळा सांगणाऱ्याचा असतो.

समाधानचा पाय गुडघ्याखाली गेला, हे दुःख मोठं आहेच. पण तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा तो जे बोलला, त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छताकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, माझंच ध्यान नसंल. समदी म्हंत्यात म्हंजी आसंलच." ज्याचा पाय गेला त्यालाच आपण दोषी असल्याचं पटवून दिलं गेलं आहे, आणि तेही मोसंबी भरवत. अंजू, त्याचं ध्यान होतं. ते मी तुला सिद्ध करून दाखवते. पण शब्दाला शब्द लावून नाही, लोखंडाला लोखंड लावून.

तुला रोज दिसणारी ट्रॉली मी पुन्हा एकदा दाखवते, कंटाळू नकोस. उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं आणि काठावरची प्रत्येक मोटर त्याच्या मागे चिखलातून ओढत न्यावी लागते. आपल्या संस्थेनं त्यावर तोड काढली. काठाच्या उतारावर रूळ टाकले, मोठा पंप चारचाकी ट्रॉलीवर बसवला आणि वर काठावर विंच उभं केलं. विंचच्या पिंपावर पोलादी दोर, दोराच्या टोकाला ट्रॉली. पाणी उतरलं की दोर सोडायचा, पाणी चढलं की दोर गुंडाळायचा. रचना सुंदर आहे, मला आजही तिचा अभिमान वाटतो. पण सगळा भार एकट्या दोरावर आहे, आणि दोर हा कधीतरी तुटणारच असं धरूनच चालायचं असतं. जो तसं धरत नाही त्यानं उतारावर काही बांधू नये.

तुला आठवतं, आपण शाळेतून येताना भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघत उभ्या राहायचो? चढावर दोन-दोन ट्रॉल्या ओढताना इंजिन दमलं की मागचा माणूस उडी मारून चाकामागे दगड लावायचा. एकदा गुरुजींनी वर्गात हाच दाखला देऊन उताराचा धडा शिकवला, तेव्हा तू उठून विचारलंस, "अन् माणूसच घसरून पडला तर दगड कोण लावणार?" सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. मी मात्र त्या दिवसापासून तोच प्रश्न घेऊन चालले आहे. माणूस पडला, झोपला, घाबरला, किंवा तिथे नसलाच, तरी चाकामागे दगड लागला पाहिजे, आणि आपोआप लागला पाहिजे. खाणीत, डोंगरावरच्या देवस्थानात, धरणाच्या कामावर, जिथे जिथे दोरानं गाडी ओढतात तिथे तिथे माणसांनी या प्रश्नाची उत्तरं शोधलेली आहेत.

आपल्या ट्रॉलीखालचं उत्तर मी आखलं आणि लोणी देवकरच्या एका वर्कशॉपमधून घडवून घेतलं. ते असं चालतं. ट्रॉलीच्या पोटाखाली दोन जाड पोलादी दात आहेत आणि त्यांच्यावर एक दणकट स्प्रिंग आहे. त्या स्प्रिंगला आयुष्यात एकच काम ठाऊक आहे, दात खाली ढकलणं. मग ते एरवी वर कसे राहतात? इथेच खरी गंमत आहे. दोर ट्रॉलीला थेट बांधलेलाच नाही. तो एका दांड्याला बांधला आहे. दोर ताणलेला असला की दांडा ओढला जातो, आणि दांडा दातांना वर उचलून धरतो. म्हणजे दात वर धरणारा दोरच. तो तुटला की धरणारं कुणी उरत नाही, स्प्रिंग दात खाली मारते आणि ते रुळांमधल्या आडव्या पट्ट्यांत रुततात. वीज लागत नाही, बटण लागत नाही, कुणी धावत यावं लागत नाही. बिघाडच रक्षकाला जागा करतो. हे शिकवताना मला अजूनही वर्गात हसू फुटतं, इतकं ते चोख आहे.

आणि हे गावानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बसवलं त्या दिवशी मी पंपाऐवजी वाळूची पोती भरायला लावली, पोलादी दोराच्या जागी काथ्याचा दोर बांधला आणि चंद्राबाईंना म्हटलं, मावशी, घाला कोयता. त्या म्हणाल्या, "बाई, ऊस तोडला जलमभर, गाडी तोडायची येळ आजच आली," आणि एका घावात दोर तोडला. ट्रॉली वीतभर सरकली आणि खाडकन थांबली. टाळ्या झाल्या, नारळ फुटला. विजयसिंहनं, माझ्या धाकट्या भावानं, चेअरमन म्हणून भाषण केलं आणि ताईचं नाव चारदा घेतलं. दात असे कचकन चावतात म्हणून लोकांनी त्यांचं नाव कुत्रं ठेवलं. मला ते नाव आवडलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण तुझ्यापुढे ती मांडली जाईल. कुत्रं कधी कधी नको तेव्हा चावायचं, हे खरं आहे. ट्रॉली उतरवताना रुळावर गाळ साचलेला असला की चाक अडतं. चाक अडलं की दोर क्षणभर सैल पडतो, आणि सैल पडलेला दोर व तुटलेला दोर यांतला फरक त्या दातांना कळत नाही. कळूही नये. शंका आली की चावावं, हेच त्यांचं शहाणपण. मग विंचनं ट्रॉली थोडी वर ओढायची, दात सुटतात, गाळ काढायचा, पुढे जायचं. याला वेळ लागतो. उपाय अगदी साधा होता. उतरवण्याआधी रूळ धुवायचे. पंप आपलाच, पाणी आपलंच, फावडी आपलीच. पण रूळ धुण्यापेक्षा कुत्रं बांधणं सोपं गेलं.

कशानं बांधलं, तर आपल्याकडे जगातली प्रत्येक वस्तू ज्यानं बांधली जाते त्यानं. ड्रिपच्या जुन्या नळीनं. गोठ्याचं दार, मोटरसायकलची नंबरप्लेट, पाण्याची टाकी, सगळं काळ्या नळीनं आवळलेलं असतं, आणि त्यात आपल्याला आपली हुशारी वाटते. वेढ्यावर वेढे घालून दोन्ही दात वरच्या चौकटीला करकचून आवळले. हे चोरून झालं नाही. भर दुपारी, काठावर पंधरा-वीस माणसं असताना झालं. चंद्राबाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं: "चेअरमननं सोत्ता बांधलं की. म्हनला, आता बघू कुनाला चावतंय. समदी हसली. तुझ्या मैतरनीचा नवरा तेवढा म्हनला, दादा, नका बांधू. तर म्हनला, समाधानराव, तुमाला लई माया कुत्र्याची, घरी न्या." त्यानंतर समाधाननं ती नळी दोनदा सोडली, आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधली गेली.

त्या सकाळी दोर तुटला तेव्हा समाधान ट्रॉलीच्या खालच्या अंगाला रुळावरचा गाळ फावड्यानं ओढत होता, आणि सुटलेली ट्रॉली त्याच्या पायावरून गेली. ज्याचं ध्यान नसतं तो गाळ काढत बसत नाही, अंजू. जे काम सगळ्यांनी मिळून टाळलं, तेच तो एकटा करत होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन ट्रॉली पाहिली. ती पाण्याच्या कडेला कलंडली आहे. स्प्रिंग अजूनही पूर्ण दाबलेली आहे, म्हणजे दोर तुटल्यापासून ती दातांना खाली ढकलतेच आहे. दात चौकटीलाच बांधलेले, एकही ओरखडा नसलेले. उतारावरच्या पट्ट्याही तशाच कोऱ्या. कुत्रं भुंकलं असेल, पण तोंड बांधलेलं होतं. दोर तुटणं कुणाच्या हातात नव्हतं. नळी मात्र कुणाच्या तरी हातांनीच बांधली होती.

मी तडक माहेरी गेले. विजयसिंहनं नाकारलं असतं तर मला एवढा संताप आला नसता. त्यानं चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "बांधलं तर काय झालं, ताई? लाईट असती कितीशी, त्यात त्या कुत्र्याच्याच मिनत्या करायच्या का? पिकं जळाली असती तर तूच म्हनली असतीस, चेअरमनला अक्कल न्हाय." मग सभेपुढे येणाऱ्या अपघाताच्या ठरावात चालकाचा, म्हणजे समाधानचा, निष्काळजीपणा कसा आला, असं मी विचारलं. त्यावर तो ज्या सहजतेनं बोलला ती मी विसरू शकत नाही. "कुनाचं तरी नाव घालावं लागतंय. तुझ्या यंत्राला तर आमी नाव ठेवलं न्हाय." जणू माझ्यावर उपकारच केले. त्यानं माझ्याकडून, पॉलिटेक्निकच्या बाईंकडून, एका अभिप्रायावर सहीही मागितली, की यंत्र निर्दोष होतं आणि हाताळणी सदोष होती. त्यातला शब्द न् शब्द खरा, अंजू, आणि तरीही सगळं मिळून खोटं. हाताळणी सदोष होतीच. फक्त हात समाधानचे नव्हते.

मी सही केली नाही. म्हटलं, परवाच्या विशेष सभेत मी उभी राहून काय ते सांगेन. तेव्हा तो हसला. रागानं नाही, लहानपणी मला पत्त्यात हरवल्यावर हसायचा तसा. "ताई, सभेत सभासद बोलत्यात. तू हाईस का सभासद?"

नाही. वडील गेल्यावर मी इंदापूरला जाऊन हक्कसोड लिहून दिली होती. आपल्याकडे बहिणी देतात तशी, काही न विचारता, वर भावाच्या हातचा पेढा खाऊन. जमिनीबरोबर संस्थेतला भाग, म्हणजे शेअरही गेला आणि भागाबरोबर बोलण्याचा हक्कही गेला, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ते मोठंसं वाटलं नसतं. माहेर राहावं म्हणून सही केली होती. ज्या काठावर माझं यंत्र उभं आहे, तिथे आज त्या यंत्राबद्दल बोलायला मी परकी आहे. समाधान संस्थेचा नोकर, म्हणून तोही सभासद नाही. पण तुझ्या सासऱ्यांनी, गंगारामतात्यांनी, जमीन तुझ्या नावे करताना संस्थेचा भागही तुझ्याच नावे घेतला होता. दर वर्षी तू सभेला जातेस, सही करतेस, चहा पितेस आणि शेजारच्या पुतळाबाईंना सोबत घेऊन परत येतेस. तू सभासद आहेस, अंजू. आपल्या दोघींत बोलण्याचा हक्क फक्त तुला आहे.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की मी हा सगळा धडा पत्रातून का शिकवला. मला तुझं सांत्वन करायचं नव्हतं, तुला तयार करायचं होतं. परवा ठराव वाचून झाला की उभी राहा आणि एकच गोष्ट विचार: दोर तुटल्यावर दात खाली का आले नाहीत? दोर जुना होता म्हणतील, तर म्हण, दोर तुटणार म्हणूनच दात होते. समाधान खाली का गेला म्हणतील, तर म्हण, रूळ कुणी धुतले नव्हते म्हणून. मग अध्यक्षांना सांग, मला समजत नाही, यंत्र करणाऱ्या बाई मागे बसल्या आहेत, सभासद म्हणून माझी मागणी आहे की त्यांनी उत्तर द्यावं. मी चंद्राबाईंशेजारी बसलेली असेन, मांडीवरच्या पिशवीत मी ट्रॉलीवरून कापून आणलेली काळी नळी असेल, आणि तू विचारलंस की मी उठेन आणि ती कुणी बांधली ते माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडावर सांगेन. त्यानंतर भाऊबीजेला त्या दारात पाट मांडला जाणार नाही, हे मी धरून चालले आहे. तू त्याची काळजी करू नकोस आणि माझ्यासाठी गप्प बसू नकोस. तू उभी राहिलीस की पहिल्यांदा कुणीतरी हसेल, गुरुजींच्या वर्गात हसले होते तसे. हसू दे. हसणं थांबेपर्यंत उभी राहा, आणि मग पुन्हा विचार.

तुझ्या प्रश्नाची वाट बघणारी,
तुझीच,
माधवी