घरमालकांनी ऐकलेली गिटार

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा साष्टांग. पलंगाखाली गेलेला लोहचुंबक शोधता शोधता पालथा पडूनच लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचं घोरणं कमी झालं का? आम्ही मजेत आहोत, म्हणजे कालपर्यंत होतो.

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप मी घरीच बनवायला घेतलाय. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटार छेडली की आवाज तिथून स्पीकरला जातो. (दुकानात तयार मिळतो हे तू तरी सांगू नकोस.) पहिल्या पिकअपसाठी फ्रिजच्या दारातली चुंबकपट्टी काढली. गिटार मुकीच राहिली, फ्रिज मात्र तेव्हापासून आ वासून उभा आहे. दुसऱ्याचे वेढे हिच्या शिलाई मशीनच्या चाकावर घेतले. सुसाट काम! पण तार तुटून आत अशी गुंतली की मशीनने मान टाकली आणि हिने माझ्याशी बोलणं टाकलं. तिसरा महिनाभर बसून हातानं गुंडाळला, आणि काय वाजला म्हणून सांगू!

खोट एकच. वेढे घट्ट बसावेत म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा असतो. ही दुधाचं पातेलं देईना, म्हणून ते राहिलं. वेढे ढिले असले की पिकअप जवळ बोललेलंसुद्धा ऐकतो आणि स्पीकरमधून गावभर करतो. हे मला काल कळलं.

काल घरमालक आले होते, आम्हाला पुढे ठेवायचं की नाही ते ठरवायला. बिचाऱ्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी त्यांना थेट स्पीकरशेजारी बसवलं आणि एक गोड तुकडा वाजवला. ते डोलायला लागले. मी मनातल्या मनात करारावर सहीसुद्धा घेतली. तेवढ्यात ही चहा ठेवून माझ्या मांडीवरच्या गिटारवर वाकली आणि कुजबुजली, "थेरडा तिसरा कप ढोसतोय, उठणार कधी?" (महिनाभरात माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.) खोली दणाणली. घरमालकांनी कप खाली ठेवला आणि महिनाअखेर घर रिकामं करायला सांगून निघून गेले.

हसतेयस ना? हस. पण मुलांची शाळा, माझं काम, सगळं याच गल्लीत आहे गं.

तुझा (एके काळी लाडका) धाकटा भाऊ

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच, की तुझी मागची खोली रिकामी आहे का? आम्ही चौघंच. गिटार धरून पाच.

ता. क. २. खोली राहू दे! घरमालक आत्ताच येऊन गेले. इतकं स्वच्छ म्हणे त्यांना कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. सुना स्वयंपाकघरात काय बोलतात ते ऐकायला गिटार रविवारी त्यांच्याकडे पोचवायची, की करार पक्का. पण घात झाला गं! आज सकाळीच, हिची पाठ वळताच, मी दुधाच्या पातेल्यात मेण वितळवून पिकअप बुडवला. आता तो घरमालकांहून ठार बहिरा आहे. नवा ढिला पिकअप हवा, आणि हातानं महिना लागतो. तुझं शिलाई मशीन दाजींबरोबर ताबडतोब पाठव.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पातेल्याचंही आत्ताच कळलं. खोली झाडून ठेवा, आणि मशीन आम्ही पोचायच्या आत कुलपात घाला.