सरपंचाची सही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पंचायत समितीची नोटीस आली म्हणून लिहायला बसले. नोटीस माझ्या सुनेच्या नावाने, कारण सरपंच ती. पाण्याची टाकी अर्धवट आहे आणि पूर्ण कामाचं बिल तिच्या सहीने निघालंय. मनीषा म्हणते, "आत्याबाई, मी तर ते बिल बघितलंबी न्हाई."

बघणार कशी? तिची ऑनलाइन सही होते ती एका डोंगलने, आणि डोंगल माझ्या मुलाच्या, प्रकाशच्या, खिशात. अडीच वर्षं! खुर्चीतही तोच बसतो. चौकशीत अपात्र ठरणार ती. तो नव्हे.

लग्नानंतर बी.ए. केलं, त्यात पुरुषसत्तेवर पानंच्या पानं लिहिली मी. तेव्हा वाटायचं, पुरुषसत्ता म्हणजे माझे सासरे.

जाब विचारला तर प्रकाश हसला. "माझ्यावर कशाला चिडतीस? तिनं डोंगल मागितला तवा 'त्याच्याकडंच राहू दे, तुला काय कळतंय' असं तूच म्हणालतीस की."

म्हणाले होते. स्वयंपाकघरात, तिच्या तोंडावर. म्हणजे तो खिसा मीच शिवून दिला?

"काढ डोंगल," म्हटलं.

"आई, गावात इज्जत जाईल माझी."

"जाऊ दे."

मनीषाच्या हाती दिलं ते असं: डोंगल, पासवर्डची चिठ्ठी, शिक्का, आणि ओटीपी येतो ते सिमकार्ड, प्रकाशच्या मोबाइलमधून काढून. कार्यालयातल्या कपाटाची किल्ली मी विसरले होते. ती मनीषाने स्वतः हात पुढे करून मागितली. प्रकाशने दिली.